मनोरुग्णाच्या सातबाऱ्याला वाली कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लावणी आटोपत आली होती. बेटेगावच्या नाक्यावर मी बोईसरला जाणाऱ्या रिक्षाची वाट पाहत उभा होतो. चाळिशी ओलांडलेली एक बाई जवळ आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "काका, तुम्ही कागद वाचता ना? एवढा एक वाचून सांगा."

कागद फेरफाराच्या नोटिशीचा होता. तिच्या माहेरच्या जमिनीचा. गावाचे नाव सांगत नाही, पण नाक्यापासून फार लांब नाही. वडील वारल्यावर वारसनोंद रीतसर झाली होती. थोरला भाऊ, मधला भाऊ आणि ही बहीण, अशी तीन नावे सातबाऱ्यावर चढली होती. आता मधल्याने आपला हिस्सा थोरल्याला सोडून दिल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले होते आणि त्यावरून मधल्याचे नाव कमी करायचे होते. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असे नोटीस म्हणत होती. पंधरातले नऊ दिवस उलटले होते.

मधला भाऊ गेली बारा वर्षे मनाने आजारी आहे. तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात आठ वर्षे नोकरी केली, मग कानात आवाज यायला लागले, पाळीवर जाणे सुटले. बहिणीने हक्कसोडपत्राची नक्कल काढून आणली होती. शेवटच्या पानावर मधल्याचा अंगठा होता. मी विचारले, "हा शिकलेला नाही का?" ती म्हणाली, "दहावी पास आहे काका. कंपनीच्या रजिस्टरात आठ वर्षं सही केली त्याने. अक्षर आमच्या तिघांत त्याचंच चांगलं."

हा अंगठा माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आपल्या भागात जमिनीला काय भाव आला आहे हे मी शेतकऱ्यांना सांगायला नको. भाताच्या खाचरात मजुरांच्या चाळी उभ्या राहिल्या. मालवाहतुकीची वेगळी रेल्वे आली, मुंबई-बडोदा महामार्ग आला, बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होऊ घातले आहे. पूर्वी एकरात बोलायचे, आता गुंठ्यात बोलतात. पूर्वी घरातला एखादा डोक्याने बिघडला तर तो पडवीत बसून असायचा, त्याच्या हिश्श्याकडे कोणी पाहत नसे, कारण पाहण्यासारखे त्यात काही नव्हते. आता आहे. त्यामुळे आजारी माणसाचा वाटा ही गावातली सगळ्यात सहज उचलता येणारी चीज झाली आहे. त्याला वकील नसतो. तो तारखेला जात नाही. त्याने आरडाओरडा केला तरी लोक म्हणतात, त्याचं काय मनावर घेता.

"येड्याला वाटा नसतो" हे वाक्य मी पारावर, लग्नात, एकदा तर ग्रामपंचायतीच्या पायरीवर ऐकले आहे. ते सांगणारे लबाड असतातच असे नाही. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात तसे होते. वेडा, जन्मांध, मुका अशांना वारसाहक्कातून वगळले जाई, फक्त पोटाला घालायचे. इंग्रजी अमलात १९२८ साली कायदा करून बाकीच्यांवरची बंदी उठवली, पण जन्मापासून वेडा असलेल्यावरची तशीच ठेवली. ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने गेली. त्याचे कलम २८ सांगते की कोणताही रोग, दोष किंवा व्यंग आहे म्हणून कोणाचाही वारसा डावलता येणार नाही. म्हणजे येड्याला वाटा नसतो हे वाक्य मोडीत निघून सत्तर वर्षे होत आली. आपल्याकडे मात्र ते अजून चालू नाण्यासारखे फिरते.

या प्रकरणात तर गंमतच होती. थोरल्याला मी ओळखतो, म्हणून भेटायला गेलो. तो म्हणाला, "दादा, त्याला काय कळतंय? तो येडा आहे, सगळ्या गावाला माहीत आहे." मी विचारले, मग त्याने समजून उमजून हक्क सोडला असे कागदावर लिहिलेय ते कसे? तो गप्प झाला. वाटा मागताना येडा आणि अंगठा घेताना शहाणा, असे दोन्ही एकदम होत नाही. करार कायदा १८७२ चा आहे, त्याचे कलम १२ याबद्दल सरळ बोलते. सही करतेवेळी माणसाला व्यवहार समजत असला पाहिजे आणि आपल्या भल्याबुऱ्याचा विचार करता येत असला पाहिजे. एरवी आजारी असलेला माणूस मध्ये बरा असेल तर त्या काळात केलेला करार चालतो, आजाराच्या भरात केलेला चालत नाही. नोंदणी कायद्यातही तरतूद आहे. दस्त करून देणारा मनाने ठीक नाही असे समोर दिसत असेल तर दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवायला नकार द्यायचा असतो. पण पाच मिनिटांत फोटो आणि अंगठा उरकणाऱ्या रांगेत कोणाला काय दिसणार?

थोरल्याची बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेख अर्धा खोटा होईल. तो म्हणाला, "बारा वर्षं मी सांभाळला. रात्री उठून शोधायला मी गेलो. पालघर स्टेशनवरून दोनदा उचलून आणला. ठाण्याच्या हॉस्पिटलला नेताना गाडीभाडं मी दिलं. माझ्या बायकोने त्याचं घाण झालेलं धुतलं. तेव्हा बहीण कुठे होती, आणि तुमचा कायदा कुठे होता?" यातले एकही वाक्य खोटे नाही. माझ्याकडे त्याला त्या वेळी उत्तर नव्हते. आज जे सुचते ते एवढेच, की त्याच्या कष्टाचा मोबदला मागायची वाट वेगळी आहे. आजारी भावासाठी दिव्यांगाचा दाखला काढता येतो, त्यावर निराधार अनुदानासारख्या योजनांचा अर्ज करता येतो. आजाऱ्याच्या हिश्श्याचे उत्पन्न त्याच्याच औषधपाण्यावर खर्च करून त्याचा हिशेब ठेवता येतो. गरज पडली तर न्यायालयाकडून मर्यादित पालकत्व मागता येते. पण सांभाळल्याची मजुरी म्हणून जमीनच नावावर करून घेणे, हे कोणत्याच कायद्यात बसत नाही. थोरल्याला हे बारा वर्षांत कोणी सांगितले नाही. त्याला सांगणारा पहिला माणूस जमिनीचा दलाल निघाला.

आता मुद्द्याकडे येतो. बहीण आधी एका खाजगी वकिलाकडे जाऊन आली होती. त्याने जी फी सांगितली ती ऐकून ती पायऱ्या उतरली. बोईसरला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये रोजावर काम करणारी बाई, नवरा नाही, ती कुठून देणार? तिला कोणी सांगितले नव्हते की तिच्यासाठी आणि तिच्या भावासाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तो मिळणे ही मेहरबानी नसून हक्क आहे.

गरिबाला न्याय परवडला पाहिजे असे राज्यघटनेच्या ३९ अ या कलमात १९७६ साली लिहिले गेले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, मूल, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेला, अटकेत असलेला किंवा मनोरुग्णालयात ठेवलेला, आणि शेवटी ठरावीक उत्पन्नाच्या आतला कोणीही. इथे नीट लक्ष द्या. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. स्त्रीला नाही, आदिवासीला नाही, दिव्यांगालाही नाही. मानसिक आजार हा कायद्याने दिव्यांगत्वात धरलेला आहे, १९९५ च्या कायद्यातही होता आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या भावाला आजारी म्हणून मोफत वकील मिळतो आणि बहिणीला बाई म्हणून मिळतो. घर वारली, कोकणा किंवा मल्हार कोळी असते तर तिसरे कारणही होते.

मोफत म्हणजे काय काय? वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकलांचा खर्च, साक्षीदाराचा खर्च. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कोणी मागितला तर त्याच कार्यालयात तक्रार करता येते. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आपल्यासाठी ती जागा पालघर. फोनवर विचारायचे तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवेचा क्रमांक आहे.

मनोरुग्णांसाठी तर त्याहून पुढचे लिहिले आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम २७ सांगते की या कायद्यातले हक्क वापरण्यासाठी मनोरुग्णाला मोफत कायदेशीर मदत मिळेल. आणि नुसती मिळेल म्हणून थांबत नाही. मॅजिस्ट्रेट, पोलीस अधिकारी, मानसोपचार केंद्राचा प्रमुख डॉक्टर यांनी ही मदत आहे हे रुग्णाला स्वतःहून सांगायचे, कुठे मिळेल तो पत्ता-फोन द्यायचा. म्हणजे विचारण्याची जबाबदारी आजाऱ्यावर टाकलेली नाही, सांगण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. मला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. ज्याने कोणी ते लिहिले त्याने असा माणूस जवळून पाहिला असावा.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने मनोरुग्णांसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र योजना केली, २०२४ मध्ये ती नव्याने केली. नव्या योजनेत जिल्ह्याजिल्ह्यात 'मनोन्याय' नावाचे खास पथक ठेवायचे आहे, वकील आणि विधी स्वयंसेवकांचे. कागद उत्तम आहे. पण कागदापासून नाक्यापर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा, हा प्रश्न उरतो. ज्याला मदत पाहिजे त्याला आपल्याला मदत पाहिजे हेच कधी कधी उमगत नाही. पाय मोडलेला माणूस कुबडी घेऊन तहसीलला येतो, डोळ्याने अधू असलेला नातवाचा हात धरून येतो. मनाने आजारी माणूस येत नाही. आला तर शिपाई त्याला दारातच अडवतो. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी पहिला शब्द उच्चारावा लागतो, आणि घरातलेच विरोधात असतील तर तो दुसरा माणूस गावातला असावा लागतो.

हे काम चिठ्ठीनेही होते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या बायकांचे हाल सांगणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १९८३ मध्ये निकाल दिला, की अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे आणि कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळावा. पुढे त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात, १९९३ साली, न्यायालयाने सांगितले की ज्याने काही गुन्हा केला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. त्याआधी तसे सर्रास ठेवत असत, ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून. एका बाईच्या पत्राने हे झाले. आपल्याला तर पत्र दिल्लीला पाठवायचे नाही, पालघरला पाठवायचे आहे.

गावात हे काम कोणाचे? माझ्या मते पहिला माणूस तलाठी. (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण नाक्यावर अजून तलाठी भाऊसाहेबच चालते.) हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यावरून कोणाचे नाव कमी करण्याची नोंद समोर आली, तो माणूस आजारी आहे हे गावाला ठाऊक आहे, तर भाऊसाहेबांनी एवढेच करावे: नोटीस नुसती चावडीवर न डकवता त्या माणसाला आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाला हातात द्यावी, आणि विधी सेवा समितीचा पत्ता तोंडी सांगावा. लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात. नोंद मंजूर झाली तरी प्रांताकडे साठ दिवसांत अपील आहे. आणि फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे, दस्तच खोटा असेल तर दिवाणी न्यायालय आहे. जुन्या एकुमॅ नोंदींकडेही भाऊसाहेबांनी एकदा पाहावे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागलेले असते, आणि त्यामागे झाकलेल्या नावांत एखादे असे असते की ते परत वर आणण्याची कोणालाच घाई नसते. उद्या संपादनाचा मोबदला वाटला जाईल तो सातबाऱ्यावर दिसणाऱ्या नावांना.

दुसरा पोलीस पाटील. २०१७ च्या कायद्याचे कलम १०१ गावात फार कमी लोकांना माहीत आहे. मनोरुग्णाला घरात मारझोड होते आहे, उपाशी ठेवले जाते आहे, टाकून दिले आहे असे कोणाच्याही लक्षात आले तर त्याने पोलीस ठाण्याला कळवायचे आहे. ते कलम 'कळवू शकतो' असे म्हणत नाही, 'कळवले पाहिजे' असे म्हणते. पोलीस अधिकाऱ्याने ते मॅजिस्ट्रेटला कळवायचे. साखळीने बांधायला तर कलम ९५ ने साफ मनाई आहे, कोणत्याही प्रकारे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथे एका खाजगी मनोरुग्ण-आश्रमाला पहाटे आग लागली, बांधून ठेवलेले २८ जण पळता न आल्याने मेले. पडवीच्या खांबाला बांधणाऱ्याला मी निर्दय म्हणत नाही. शेतावर जायचे आहे, मागे घरात कोणी नाही, तो विहिरीकडे जाईल ही भीती आहे. पण त्या घराला डॉक्टर आणि वकील दोन्ही लागतात, आणि दोन्ही फुकट मिळू शकतात, हे सांगणारा कोणी पाहिजे. भगताकडे लोक आधी जातात कारण भगत जवळ आहे आणि रात्रीही दार उघडतो. जाऊ द्या, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण भूत उतरवतो म्हणून दोराने बांधणे, छडीने मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे अंगारा लावणाऱ्याची आणि मारणाऱ्याची गल्लत करू नये.

स्टेशनवर, हायवेला भटकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. पश्चिम रेल्वे कुठून कुठून माणसे आणून बोईसर-पालघरला सोडते. त्यांना पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे, लॉकअपमध्ये ठेवू नये आणि घरच्यांचा शोध घ्यावा, असे कलम १०० सांगते. अफवांच्या दिवसांत अनोळखी माणसाचे काय होऊ शकते हे आपल्या जिल्ह्याने २०२० मध्ये पाहिले आहे, ते पुन्हा लिहायला नको. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशा लोकांना बरे करून घरी पोचवते. २०१८ चे मॅगसेसे त्यांना मिळाले ते यासाठीच.

पण घरी पोचवायचे म्हणजे घर उरलेले पाहिजे. ही बाब माझ्या फार उशिरा लक्षात आली. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथे बरे झालेले पण न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे राहिलेले लोक आहेत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारला याबद्दल चांगलेच विचारले. लोक नातेवाइकांना नावे ठेवतात. मी असा विचार करतो, की यातल्या किती जणांचे नाव दरम्यानच्या काळात सातबाऱ्यावरून आणि घरपट्टीच्या उताऱ्यावरून गेले असेल? परत आलेला माणूस म्हणजे परत आलेला हिस्सेदार. ज्यांनी हिस्सा विकून खाल्ला ते त्याला न्यायला कसे येतील? कलम १९ मध्ये लिहिले आहे की घरच्यांनी टाकलेल्या मनोरुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा म्हणून सरकारने कायदेशीर मदतीसह आधार द्यायचा. वकिलाची आणि डॉक्टरची गाठ पडते ती इथे.

ग्रामपंचायतीलाही एक सुचवतो. ग्रामसभेत विधी सेवेचा माणूस बोलावता येतो, शिबिर मागता येते. पण शिबिरात मोठ्या आवाजात 'मनोरुग्ण कोण कोण आहेत, हात वर करा' असले करू नका. मी हे एका गावात घडलेले पाहिले आहे. आशाताईंना घरे माहीत असतात, त्यांना विचारा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू, त्यावर घरच्यांनाही बोलता येते. तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतो, रेशन दुकानाच्या भिंतीवर लिहिलात तर जास्त लोक वाचतील.

फुकटच्या वकिलाबद्दल लोकांच्या मनात जी अढी आहे ती सगळीच खोटी नाही. मानधन कमी, कामाचा बोजा जास्त, कधी वकील बदलतो. पण वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीला मुदतीत एक साधी हरकत टाकायला मोठा वकील लागतही नाही.

आपल्या प्रकरणात तसेच झाले. तेराव्या दिवशी बहिणीने हरकत टाकली आणि पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका. विधी सेवेतून वकीण बाई मिळाल्या. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती दवाखान्याचे कागद. थोरल्याच्या बायकोने, होय, थोरल्याच्याच बायकोने, बारा वर्षांचे केसपेपर कोठीतल्या डब्यात जपून ठेवले होते. तिने ते नणंदेच्या हातात दिले. ज्या आठवड्यात दस्त झाला त्याच आठवड्याचा एक पेपर निघाला. गोळ्या बंद आहेत, झोप नाही, स्वतःशी बोलतो, असे डॉक्टरने त्यावर लिहिलेले होते. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी एकही चिठ्ठी फेकू नये. पुढे दाखल्यालाही तीच लागते.

बहिणीला वाटत होते की भावाला कायमचा वेडा ठरवून घ्यावे लागेल, मग दावा चालेल. वकीण बाईंनी समजावले, तसे नाही. मानसिक आजार आहे म्हणून माणूस आपोआप वेडा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने ठरवल्याशिवाय नाही, असे २०१७ चाच कायदा म्हणतो. आज गोळ्या चालू आहेत, त्याला समजते आहे, तर तो स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो. नाही जमले तर दिवाणी प्रक्रियेत वादमित्राची सोय आहे, बहीण त्याच्या वतीने उभी राहील, तेवढी चौकशी न्यायालय करील. मुदतीच्या बाबतीतही मनाने आजारी माणसाला कायद्यात सवलत आहे, पण तिच्या भरवशावर बसू नये. आणि एक गैरसमज: नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून मिळतो तो मतिमंद, स्वमग्न अशांसाठी. मनोरुग्णाला तो रस्ता नाही. या दोन्हींची गल्लत बरेच कारकूनही करतात आणि माणसे सहा-सहा महिने चुकीच्या खिडकीवर उभी राहतात.

हक्कसोडपत्र रद्द करण्याचा दावा आता लागला आहे. थोरला माझ्याशी बोलत नाही, पण भावाला जेवायला घालायचे त्याने थांबवलेले नाही. वकीलपत्रावर सही घ्यायच्या दिवशी मीही बरोबर गेलो होतो. सवयीने कोणी तरी शाईचे पॅड पुढे सरकवले. त्याने ते बाजूला केले, माझ्या खिशातले पेन मागितले आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली. मग बहिणीला म्हणाला, "तारीख कापणीच्या आधी नको सांग." तारीख कापणीनंतरची मिळाली आहे.